स्क्रायबस, लिब्रेऑफिस आणि लिनक्स मिंट : अक्षरजुळणीच्या कामात नऊ महिने वापरल्यावर

कराडला आमचं छोटं डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी) केंद्र आहे. पुस्तकं, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एक दिवाळी अंक आणि अधूनमधून शाळांच्या प्रश्नपत्रिका, एवढा आमचा पसारा. गेल्या जूनपासून हे सगळं काम आम्ही लिनक्स मिंटवर (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली), लिब्रेऑफिस (लेखन-हिशेबाची साधनं) आणि स्क्रायबस (पानांची मांडणी) वापरून करतो आहोत. तिन्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला. काय जमलं, काय नाही, आणि आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर आधी काय करेन, हे सविस्तर लिहिते. आमच्यासारखी केंद्रं गावोगाव आहेत आणि बहुतेकांच्या कोपऱ्यात एक जुना संगणक अजून झाकून ठेवलेला आहे.

आमच्याही कोपऱ्यात तो होता. विंडोज एक्सपी, त्यावर पानं मांडायचं पेजमेकर, आणि २००३ साली घेतलेलं मराठी फॉन्टचं पॅकेज. त्या पॅकेजला लॉक होतं, म्हणजे मागच्या पॅरलल पोर्टला लावायची डोंगल. ती लावली नसेल तर मराठी टाइप होत नसे. एक्सपीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) ८ एप्रिल २०१४ ला संपला हे आम्हाला माहीत होतं, म्हणून त्या संगणकाला इंटरनेट कधीच जोडलं नाही. पण काम तिथेच चालू राहिलं, कारण लॉक दुसरीकडे लागत नव्हतं. नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो.

मे महिन्यात त्याचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने दोन आठवडे जुना बोर्ड शोधला, मिळाला नाही. फॉन्टच्या कंपनीला फोन केला. त्या आवृत्तीला आता आधार नाही, लॉक बदलून मिळणार नाही, नवं पॅकेज घ्या, असं उत्तर आलं. मी विचारलं, जुन्या फाइली नव्यात उघडतील का? त्याची हमी देता येणार नाही, म्हणाले. हार्डडिस्क शाबूत होती. यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावली तर २२ वर्षांच्या सगळ्या फाइली दिसत होत्या. उघडल्या की मात्र मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. त्याच आठवड्यात एका निवृत्त गुरुजींना त्यांच्या किल्ल्यांवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. फाइल डोळ्यासमोर होती आणि गुरुजींना सांगावं लागलं की पुस्तक पुन्हा टाइप करावं लागेल. त्या दिवशी मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मुळात अडकलं काय होतं, हे समजायला मला महिना लागला. मला वाटत होतं की पेजमेकर बंद पडला म्हणून आपण अडकलो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, पण त्याच्या फाइली आजही उघडतात. डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट नावाचा एक प्रकल्प २०१४ पासून अशा अनाथ फाइल-प्रकारांची रचना उलगडून ती सर्वांसाठी खुली करतो. त्यांचं लिबपेजमेकर लिब्रेऑफिसमध्ये आहे. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये मी आमची २००६ ची स्मरणिका उघडली, चौकटी थोड्या हलल्या, पण मजकूर आला. आला तो त्याच अगम्य रूपात.

म्हणजे कुलूप मजकुरालाच होतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जेमतेम दोनशे-सव्वादोनशे जागा असत. त्यात प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने अर्धा क, पूर्ण क, काना, रफार, वेलांटी बसवली. कोणत्या जागी काय, हा तक्ता ज्याचा त्याचा खासगी. आम्ही २२ वर्षं जे मराठी टाइप केलं, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. ते फक्त त्या एका फॉन्टच्या चष्म्यातून मराठी दिसत होतं. म्हणून कोणी विचारलं की ओपन सोर्सकडे वळताना सुरुवात कुठून करायची, तर मी म्हणते, आधी मजकूर सोडवा. सॉफ्टवेअर नंतर बदललं तरी चालेल.

मजकूर सोडवण्याचं काम माझा भाचा आणि मी मिळून केलं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारी काही रूपांतरकं फुकट मिळतात, त्यातलं एक ओपन सोर्स होतं, ते घेतलं. अवघड भाग तक्त्याचा नाही, क्रमाचा आहे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. ‘आर्थिक’ या एका शब्दात वेलांटी पुढे न्यावी लागते आणि रफार मागे आणावा लागतो. ‘कार्यकर्त्यांच्या’ हा आमचा परीक्षेचा शब्द ठरला होता, कारण त्यात रफार आणि अनुस्वार एकाच खुणेत जोडलेले असतात. रूपांतरक तिथे चुकत होतं. कोड समोर होता, भाच्याने नियम वाचला, एक ओळ दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवली. आठवड्याने ती सगळ्यांसाठी आत गेली. २२ वर्षांत आमच्या पॅकेजमधली एकही चूक आम्हाला अशी दुरुस्त करता आली नव्हती.

सगळ्यात जिवाला लागलेली चूक वेगळीच होती. रूपांतरक ‘ऱ्या’चा ‘र्या’ करत होतं. गुरुजींचं पुस्तक सह्याद्रीतल्या भटकंतीचं, आणि त्यात प्रत्येक पानावर ‘दऱ्या’ होत्या. त्या सगळ्यांचा ‘दर्या’ झाला. डोंगरातून चालता चालता माणूस एकदम समुद्रात. एका लग्नाच्या हिशेबवहीत ‘आचाऱ्यांना’ दिलेले पैसे ‘आचार्यांना’ गेले होते. मराठीत हा फरक अर्थाचा आहे आणि हिंदीचा विचार करून बनवलेल्या साधनांना तो दिसत नाही. आम्ही त्यासाठी वेगळा नियम लिहिला, तरीही मुद्रितशोधन डोळ्यांनीच करावं लागलं. यंत्रावर सोडू नका.

आता सॉफ्टवेअरविषयी. लिनक्स मिंट २२ निवडलं ते आमच्या दुसऱ्या संगणकामुळे. तो विंडोज १० वर होता, चालत उत्तम होता, पण प्रोसेसर जुना म्हणून विंडोज ११ ला नापास. १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर संपणार होता. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत आणि त्याच जुन्या संगणकावर ते सुरळीत चालतं. बसवायला एक दुपार लागली. लेझर प्रिंटर लगेच ओळखला. स्कॅनरने दोन दिवस घेतले.

आमच्याकडे १८ वर्षं अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंची मला सर्वांत जास्त काळजी होती. त्यांची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांच्या रचनेवर बसलेली, डोळे मिटून टाइप करतात. लिनक्सवर भाषेचे कीबोर्ड बदलणाऱ्या आयबसमध्ये एम१७एन या संचातले कीबोर्ड टाकले, त्यात मराठी रेमिंग्टन मिळाला. जोडाक्षरांची सवय बदलायला त्यांना तीन आठवडे लागले, कारण पूर्वी आकार जोडायचे आणि आता अक्षरं लिहायची. ‘ॲ’ सारखं अक्षर आता एकाच कळीने येतं आणि शोधलं तर सापडतं, याचा त्यांना विशेष आनंद झाला. पण त्यांना खरं पटलं ते सप्टेंबरात. एका पतसंस्थेने ९६ पानी अहवाल तयार झाल्यावर कळवलं की अध्यक्षांच्या आडनावाचं शुद्धलेखन बदलायचं आहे. शोधा आणि बदला, एका मिनिटात काम झालं. पूर्वी त्यात अर्धा दिवस जाई.

लिब्रेऑफिस रायटरबद्दल फारशी तक्रार नाही. मजकूर तिथेच घ्यायचा, शैली तिथेच लावायच्या, मराठी शुद्धलेखन तपासणी जुजबी आहे पण कामाची आहे. फाइल ओडीटी प्रकारात ठेवायची. हा प्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाण आहे, तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. लिब्रेऑफिसचा इतिहासही मला धीर देतो. त्याचं पूर्वरूप असलेलं ओपनऑफिस सन कंपनीकडे होतं, २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात काम करणाऱ्यांनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. मालक बदलला म्हणून वापरणाऱ्याची एकही फाइल अडली नाही. आमच्या लॉकवाल्या पॅकेजबाबत हे शक्यच नव्हतं, कारण पुढे न्यायचं ते कोणाच्या हातातच नव्हतं.

स्क्रायबसबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ज्यांनी ते दहा वर्षांपूर्वी पाहून सोडलं असेल, त्यांचं चुकलं नव्हतं. १.४ मध्ये देवनागरी जुळतच नसे, वेलांट्या भलतीकडे जात. १.५ च्या काळात जटिल लिप्यांची मांडणी आत आली आणि जानेवारी २०२४ ला १.६ ही स्थिर आवृत्ती निघाली. आता जोडाक्षरं नीट येतात. एक करायचं, परिच्छेद-शैलीत भाषा मराठी निवडायची. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. आम्ही पुस्तकांना टिरो देवनागरी मराठी वापरतो, त्यात हे वळण मुळातच आहे. शीर्षकांना मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही आम्ही एका स्मरणिकेला वापरला, छपाईत तो फार देखणा दिसला. हे तिन्ही फॉन्ट कितीही संगणकांवर टाका, लॉक नाही.

त्रास कुठे झाला? मोठ्या पुस्तकात. २०० पानांच्या चौकटी एकमेकींना जोडून सलग मजकूर वाहवला की स्क्रायबस इतकं संथ होतं की एक काना दुरुस्त करून चहा पिऊन यावं. उपाय एकच सापडला, प्रकरणवार फाइली करायच्या आणि शेवटी पीडीएफ जोडायच्या. १६ पानी फर्म्याच्या (एका कागदावर एकत्र छापायची पानं) हिशेबाने प्रकरणं तोडली तर पुढे प्रेसलाही सोपं जातं. तक्ते करणं कष्टाचं आहे. आर्थिक पत्रकं आम्ही लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये करून पीडीएफ म्हणून आत आणतो. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात, म्हणून दिवाळी अंक तीनऐवजी दोन स्तंभांत केला.

आणि एक महागात पडता पडता वाचलेली चूक. रायटरमधून आणलेल्या मजकुराचा काळा रंग स्क्रायबसमध्ये आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचा काळा म्हणून आला. पीडीएफ काढल्यावर तो छपाईच्या चारही रंगांत विभागला गेला. प्लेट काढताना प्रेसवाल्या काकांनी फोन केला, म्हणाले, ‘ताई, एका रंगाच्या फर्म्याला चार प्लेटा कशाला?’ त्यांच्या नजरेमुळे आमचे पैसे वाचले. तेव्हापासून मजकूर आत आणला की रंगांची यादी उघडायची, बाहेरून आलेला काळा काढून स्क्रायबसचा स्वतःचा काळा लावायचा, आणि छपाईपूर्व दृश्यात एकेक रंग बंद करून पाहायचं, हा नियम भिंतीवर लिहून ठेवला आहे. पीडीएफ छपाईसाठी ठरलेल्या एक्स-१ए प्रकारात देतो, प्रेसकडून त्यानंतर एकही फाइल परत आलेली नाही.

सगळंच सुटलं असं मी म्हणणार नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाले कोरलड्रॉ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरच्या फाइली पाठवतात, इंकस्केप या ओपन सोर्स साधनात त्या अर्धवट उघडतात. त्यासाठी एक विंडोजचा संगणक ठेवावा लागला आहे. आणि ओपन सोर्स म्हटलं की आधार कायमचा, असंही नाही. एक छान दिसणारं छोटं मांडणीचं साधन मी ऑगस्टमध्ये वापरून पाहिलं, त्यात शेवटचा बदल सहा वर्षांपूर्वीचा निघाला, तिथून परत फिरले. आता काहीही घेण्याआधी मी तीन गोष्टी पाहते : शेवटची आवृत्ती कधी आली, काम करणारी माणसं एकापेक्षा जास्त आहेत का, आणि यात केलेली फाइल दुसऱ्या कशात उघडते का. तिसरा प्रश्न मी २००३ साली विचारला असता तर मे महिना वेगळा गेला असता. स्क्रायबसची फाइल मी साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहिली. ती एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात आहे, त्यात आमचं मराठी मराठीतच दिसतं. उद्या स्क्रायबस राहिलं नाही तरी शब्द वाचता येतील.

पैशांचं सांगायचं तर परवान्यांवर काही खर्च झाला नाही, पण जून आणि जुलै या दोन महिन्यांत आम्ही निम्मंच काम घेऊ शकलो. तो खर्चच आहे आणि तो धरूनच निर्णय घ्यावा. दिवाळी अंकानंतर आम्ही स्क्रायबस आणि लिब्रेऑफिस दोन्हींना देणगी पाठवली. नव्या पॅकेजची किंमत वाचली होती, त्यातला हिस्सा ज्यांच्यामुळे काम उभं राहिलं त्यांना जावा असं वाटलं.

गुरुजींचं पुस्तक डिसेंबरात छापून झालं, दऱ्या दऱ्याच राहिल्या. आमच्या १,१४० फाइलींपैकी ९०० च्या वर आता युनिकोडमध्ये आहेत. उरलेल्यांपैकी बऱ्याचशा २००३ च्या आधीच्या, फ्लॉपीवरून उतरवलेल्या, एका दुसऱ्याच फॉन्टमधल्या आहेत आणि त्याचा तक्ता आमच्याकडे नाही. छापील पुस्तक शेजारी ठेवून एकेक खूण ओळखत आम्ही तो तयार करतो आहोत, १३७ जागा ओळखून झाल्या आहेत. २००३ च्या पॅकेजमधल्या फॉन्टचा पूर्ण तक्ता आणि ‘ऱ्या’चा नियम भाच्याने रूपांतरकासोबत सर्वांसाठी ठेवला आहे. त्या काळच्या फॉन्ट पॅकेजबरोबर कळांचा छापील कागद येत असे, प्लास्टिकमध्ये घालून मॉनिटरशेजारी चिकटवलेला. कोणाच्या ड्रॉवरमध्ये असा कागद अजून असेल, तर फेकू नका. त्याचा फोटो काढून ठेवा आणि कळवा, बाकीचं काम आम्ही करू.