बाणगंगेजवळची वेदपाठशाळा, संथा चालू असताना जा

वाळकेश्वरला बाणगंगा बघायला गेलात तर नुसते तलावाचे फोटो काढून परत फिरू नका, असं मी हल्ली सगळ्यांना सांगत सुटलेय. साताऱ्याची मावशी आलेली, तिला मुंबई दाखवत होते. तीन बत्तीला उतरून पायऱ्यांनी खाली गेलो, तलाव बघितला (११२७ चा, शिलाहारांच्या काळातला, आणि समुद्र इतका खेटून असूनही झरा गोड्या पाण्याचा), आणि परत वर येताना एका जुन्या घरातून पोरांचं मंत्र म्हणणं ऐकू आलं. मावशी दारातच थबकली. आतून गुरुजी म्हणाले, "या, बसा. मोबाईल तेवढा बंद ठेवा." नाव-पत्ता देत नाही कारण गुरुजींनीच विनंती केली, गर्दी झाली की मुलांचं चित्त उडतं म्हणून.

आता मुख्य गोष्ट, संथा, म्हणजे ऐकून पाठ करायचा धडा. गुरुजी एक तुकडा एकदा म्हणतात, मुलं तोच दोनदा म्हणतात, मग पुढचा. समोर पुस्तक नाही. इथे शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिन शाखा (म्हणजे तो वेद म्हणण्याची एक परंपरा) शिकवतात त्यामुळे स्वराबरोबर उजवा हातही चालतो, खाली, वर, बाजूला, आणि सगळ्यांचे हात एकदम हलतात ते बघतच राहावं असं आहे. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा एके ठिकाणी स्वर चुकला, आम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही, पण गुरुजी डोळे मिटून बसलेले असतानाही त्यांनी तो बरोब्बर पकडला. "हं, परत." आवाज चढवला नाही, ओरडले नाहीत, नीट बसेपर्यंत तेवढंच म्हणून घेतलं आणि मगच पुढे गेले. माझ्या मुलीच्या क्लासला एवढा धीर असलेला शिक्षक मिळाला तर मी रांग लावून ॲडमिशन घेईन, खरंच सांगते.

मावशी घरी रोज पुरुषसूक्त म्हणते, आणि इथे मुलं "सहस्रशीर्खा पुरुखः" म्हणतायत हे ऐकून तिने न राहवून विचारलंच. गुरुजी म्हणाले, "आमच्या शाखेत ष असाच उच्चारतात आजी, तुमचा पाठ ऋग्वेदी." मग त्यांनी एका मोठ्या विद्यार्थ्याला घनपाठ म्हणून दाखवायला सांगितला. त्यात शब्द असे फिरतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, परत एक-दोन-तीन, आणि मग दुसऱ्या शब्दापासून तेच पुन्हा. एखादा शब्द गळला किंवा मागेपुढे झाला की लगेच उघडा पडतो. या शाखेची संहिता, म्हणजे मंत्रांचा मूळ संग्रह, ४० अध्याय, १९७५ मंत्र, आणि ते सगळं अशा पद्धतीने तोंडातून कानात पिढ्यान् पिढ्या आलंय. लोक याला सरसकट घोकंपट्टी म्हणतात ते मला पटत नाही, समोर बसून अर्धा तास ऐका आणि मग बोला. युनेस्कोने वेदपठणाची परंपरा २००८ साली आपल्या यादीत घेतली ती उगाच नाही.

कपाटात निर्णयसागरच्या छपाईची एक सुट्ट्या पानांची पोथी होती, ती गुरुजींनी दाखवली. कागद पिवळा पडलाय, कडा कुरतडल्यात, पण स्वर दाखवणारी अक्षराखालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ अजून लख्ख दिसते. जावजी दादाजींनी १८६९ साली हा छापखाना इथे मुंबईतच काढला, आणि देशभरचे शास्त्री त्यांच्या शुद्ध छपाईवर विश्वास ठेवायचे. मुंबईच्या शाळांमध्ये हा इतिहास कोणी शिकवत का नाही?

दोन गोष्टी खटकल्या त्याही लिहिते. अर्थ खूप उशिरा शिकवतात, आधी सगळं पाठ आणि मग व्याकरण, निरुक्त (वेदातल्या शब्दांची फोड). क्रम समजतो, पण बारा वर्षांच्या मुलाला आपण काय म्हणतोय हे थोडंसं तरी कळायला हवं. आणि मुलींना प्रवेश नाही. मी विचारलं तर गुरुजी शांतपणे म्हणाले की परंपरा तशी आहे. मला हे मान्य नाही, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं, त्या सगळे संस्कार उत्तम करतात, मग इथे दार बंद का? इतका चांगला गुरू अर्ध्या मुलांनाच मिळतोय याचं वाईट वाटतं.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्येला अनध्याय असतो, नवी संथा होत नाही, म्हणून आधी कालनिर्णय बघा. पितृपक्षाच्या आसपास तलावाची अवस्था फार वाईट असते, पिंडाचं आणि निर्माल्याचं सगळं पाण्यात, मासेही मरतात, तेव्हा तलाव बघायचा असेल तर दुसरे दिवस निवडा. फी नाही, दानपेटीही दिसली नाही. मावशीने विचारलं तेव्हा तांदूळ किंवा तूर डाळ चालेल म्हणाले, मुलांच्या हातात मात्र पैसे देऊ नका असं बजावून सांगितलं.