खाचेची पट्टी, काळी माती आणि पाच फळ्या : दहा महिन्यांचा अनुभव

भिंतीवर वरखाली करता येणाऱ्या फळ्यांची मांडणी फेब्रुवारीत बसवली, आता डिसेंबर लागला. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक निघालं असतं. नवी फळी सगळ्यांचीच सरळ असते.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव. आम्ही दहा बाया बचत गट चालवतो आणि गटाचा सगळा माल माझ्या समोरच्या खोलीत राहतो. हळद वायगावची, भौगोलिक मानांकन मिळालेली. शिवाय तिखट, कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या आणि जूननंतर लोणचं. तीच खोली गोदाम, तेच दुकान. गिऱ्हाईक उंबऱ्यातून आत पाय टाकतं तेव्हा समोरची भिंतच दिसते, म्हणून माल ठेवायचाही तिच्यावर आणि दाखवायचाही तिच्यावर.

आधी तिथे कडप्प्याच्या तीन फळ्या भिंतीत गाडलेल्या होत्या. कडप्पा वाकत नाही, त्याला उधई (वाळवी) लागत नाही, पण तो एकदा बसला की बसला. दोन फळ्यांमध्ये अकरा इंच अंतर. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा, ज्यात आम्ही हळद भरतो, तो असतो साधारण चौदा इंच उंच. म्हणजे डबे जमिनीवर, फळीवर पसाभर पुड्या आणि त्यांच्या डोक्यावर रिकामी हवा. अँगलचा रॅक आणायचा विचार होता, पण तो जमिनीवर पाय रोवतो, खोलीच लहान करतो, आणि खालच्या कप्प्यामागे उंदराला फुकटात घर मिळतं.

शेवटी हिंगणघाटच्या हार्डवेअरमधून खाचेच्या पट्ट्या आणल्या. दुकानदार त्याला चॅनल म्हणतो. सहा फुटी लोखंडी पट्टी, पांढरा पावडर कोटिंग, आणि तिच्यात वरून खालपर्यंत खाचांच्या जोड्या, दर सव्वा इंचाला एक. त्यात ब्रॅकेटचे दोन आकडे अडकवायचे, ब्रॅकेटवर फळी. नागपूरला शिकणाऱ्या माझ्या पोरीने मोबाईलवर दाखवलं की डीटर राम्स नावाच्या जर्मन माणसाने 1960 साली भिंतीवरची अशीच हलवता येणारी मांडणी काढली, तिचं नाव 606, आणि ती अजून विकली जाते. लोक घर बदलताना ती उतरवून सोबत नेतात. आमची त्यापुढे गरीब चुलत बहीण. फळ्यांसाठी प्लाय. 8 बाय 4 च्या एका शीटमधून चार फूट लांब, बारा इंचाला थोड्या कमी रुंद अशा आठ फळ्या निघतात. आम्हाला पाच लागल्या. दोन पट्ट्या, दहा ब्रॅकेट, शीट, सनमायका आणि मजुरी धरून साडेपाच हजारांच्या आत काम झालं.

आता भिंत. ह्याच्यावर जरा जास्त लिहिते, कारण दुकानात कोणी ह्याच्याबद्दल विचारत नाही. घर सासऱ्यांच्या हातचं आहे. वीट भट्टीची, पण जुडाई मातीच्या गाऱ्यात, आणि आतून नंतर मारलेलं सिमेंटचं प्लास्टर. वरून टकटक वाजवलं तर पक्की वाटते. मिस्त्रीभाऊंनी ड्रिल लावलं, एक इंचापर्यंत पांढरी भुकटी आली आणि मग एकदम काळसर माती सांडू लागली. त्यांनी स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू फिरवला, तो फिरतच राहिला.

"वयनी, इथं सांधा लागला न. गिट्टी पकडतच नाही, नुसती फिरून राह्यली."

"मग दुसरीकडे पाडा भोक."

"भोक पाडतो मी, पण पट्टीचं भोक तं जिथं आहे तिथंच राह्यते. वीट थोडीच सरकून येते त्याच्यासाठी?"

बरोबरच होतं. पट्टीची भोकं कारखान्यात ठरतात, विटा सासऱ्यांनी त्यांच्या मनाने लावलेल्या. शेवटी तोडगा निघाला तो आमच्या पाडलेल्या गोठ्याच्या सागाच्या मयालातून, म्हणजे तुळईतून. त्याच्या सहा फुटी, तीन इंच रुंद दोन पट्ट्या कापून घेतल्या. ह्या लाकडाला आपल्याला हवं तिथे भोक पाडता येतं, म्हणून जिथे जिथे वीट सापडली तिथेच लांब स्क्रूने तो साग भिंतीला धरला, आणि लोखंडी पट्टी त्या सागावर बसवली. मिस्त्रीभाऊ विळ्याच्या टोकाने प्लास्टर खरवडून वीट शोधत होते, सासूबाई मागे उभ्या राहून "घर पाडू नका बाप्पा" म्हणत होत्या.

ह्यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती तुम्हाला आधीच सांगते. सुटं एल आकाराचं ब्रॅकेट आणि लांब पट्टी ह्यांच्यात भिंतीवर येणाऱ्या ओढीचा फार फरक आहे. बारा इंची फळीचे वीस किलो एका ब्रॅकेटवर आले तर वजनाचा मध्य भिंतीपासून सहा इंचांवर. सुट्या ब्रॅकेटचा उभा पाय सहा इंचांचा, त्यातल्या वरच्या स्क्रूला बाहेर ओढणारा जोर येतो वीसच्याही वर, चोवीस-पंचवीस किलो. सहा फुटी पट्टीवर अशा पाच फळ्या लावा, एका पट्टीवर एकूण शंभर किलो. तरी पट्टी एवढी लांब असल्यामुळे अगदी वरच्या स्क्रूला बाहेरची ओढ ढोबळ हिशेबाने नऊ-दहा किलोचीच. खाली सरकवणारा भार सगळ्या स्क्रूंत वाटला जातो. पातळ पट्टी थोडी लवते, म्हणून हिशेब काट्यावर बसत नाही, पण कच्च्या भिंतीवर सुटी ब्रॅकेट ठोकणाऱ्याने हा आकडा एकदा मनात धरावा.

पट्टी सरळ लावायची रीत मिस्त्रीभाऊंची, आणि मला फार आवडली. साग ओळंब्यात घेतलेलाच होता. त्यावर पट्टीचा फक्त वरचा स्क्रू आधी मारायचा, तोही सैल. पट्टी स्वतःच्या वजनाने लोंबकळते आणि आपोआप उभी होते. मग खालच्या खुणा. दुसरी पट्टी त्याच उंचीला आणायला पाण्याची नळी. आमची भिंत मधोमध आत दबलेली निघाली, तिथे सागाच्या मागे सनमायकाचे तुकडे सारले. पट्टी कापावी लागली तर खालूनच कापा, वरून कापलीत तर दोन्हीकडच्या खाचा एका रेषेत येणार नाहीत. आमच्या शेजारणीने हे केलं आहे, तिच्या फळीवरून आजही लिंबू गडगडतं.

आता चुकांकडे. पहिली माझी. पैसे वाचवायला मी 12 एमएमचा प्लाय घेतला आणि दोन पट्ट्यांत तीन फुटांचं अंतर ठेवलं. होळीपर्यंत ठीक होतं. एप्रिलमध्ये हळदीचे डबे चढले. तेलाच्या डब्यात तेल पंधरा किलो मावतं, हळद पावडर त्याच्या निम्म्यालाच डबा भरतो, म्हणून मी निर्धास्त होते. पण एका फळीवर चार डबे आणि मध्ये तिखटाच्या पिशव्या. मे संपेपर्यंत फळीचं पोट खाली आलं. गंमत म्हणजे वजन काढल्यावरही ते पूर्ण वर गेलं नाही. लाकूड महिनोन्महिने दबून राहिलं तर ते तसंच राहायला शिकतं.

मी जाड प्लाय आणायला निघाले होते. पोरीने थांबवलं, म्हणाली आधी मध्ये तिसरी पट्टी लाव. फळी भरून सारखं वजन असेल तर वाक हा गाळ्याच्या (दोन आधारांतल्या अंतराच्या) चौथ्या घातात वाढतो, म्हणजे गाळा निम्मा केला की वाक सोळाव्या हिश्शावर येतो. जाडीचा हिशेब तिसऱ्या घाताचा: 12 ची 18 केली तर वाक तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. पैशांत पाहिलं तर पाच जाड फळ्यांपेक्षा एक पट्टी आणि पाच ब्रॅकेट स्वस्त, आठशेत काम झालं. वाकलेल्या फळ्या फेकल्या नाहीत, उलट्या करून टाकल्या. दोन्ही बाजूंना सनमायका लावून घेतली होती ती इथे कामी आली. आता दर दोन-तीन महिन्यांनी फळी उलटते, चपातीसारखी.

दुसरी चूक पट्टीची नाही, आमच्या घाईची. ब्रॅकेट खाचेत घातल्यावर वरून हाताने नीट खाली दाबावं लागतं, आकडा खोल बसला की टक असा आवाज येतो. एकदा घाईत हलवताना एक ब्रॅकेट अर्ध्यावरच राहिलं. सासूबाई खालून डबा ओढताना फळीला डोकं लागलं, फळी उचलली गेली आणि ब्रॅकेट निसटलं. लोणच्याच्या दोन बरण्या गेल्या. सासूबाईंना लागलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी आपली हिंगाची डबी आणि औषधं बाजूच्या जुन्या देवळीत हलवली आहेत. "ते भिंतीतच आहे, ते पडत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यावर मी काय बोलणार?

मग फळ्या खरंच किती वेळा हलवल्या? दहा महिन्यांत चारदा. दुकानातला माणूस "रोज बदला मनासारखं" म्हणतो, पण फळी हलवायची तर ती आधी रिकामी करायची, दोन माणसं लागतात, तीन पट्ट्यांवर तीनदा खाचा मोजायच्या. मी दर दहाव्या खाचेजवळ नेलपेंटचा ठिपका लावला आहे, तेव्हापासून मोजणी चुकत नाही. पण ते चार वेळचे हलवणे आमच्या वर्षाला असे चपखल बसले की पैसे वसूल. मार्चमध्ये डब्यांसाठी खालचे दोन कप्पे पंधरा-पंधरा इंचांचे. मेमध्ये कुरड्या आणि सरगुंडे आले. त्यांना वजन नाही पण जागा पोतंभर लागते, म्हणून अगदी वरचा कप्पा मोकळा केला. जूनमध्ये लोणचं, त्याचं उलटं: जागा कमी, वजन फार, म्हणून बरण्या खाली आणि कप्पे बुटके. आणि चौथ्यांदा महालक्ष्म्यांना. खालच्या तिन्ही फळ्या ब्रॅकेटसकट उतरवल्या, भिंत मोकळी झाली, समोर ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहिल्या आणि वरच्या दोन फळ्यांवर समया, फराळ आणि मुलांची खेळणी मांडून आरास झाली. कडप्प्याच्या वेळी ह्याच भिंतीवर साड्या झाकून भागवायचो. सोळा भाज्यांच्या धबडग्यात फळ्या उतरवायला वेळ कुठून काढला ते विचारू नका.

दाखवण्याच्या बाबतीत एक शिकले. दाराच्या समोरच्या फळीवर सकाळचं ऊन येतं आणि तिथे पारदर्शक बरणीतली हळद फार खुलून दिसते. महिन्याभरात ती फिकी पडू लागली. हळदीचा पिवळेपणा ज्या कुरकुमीनमुळे असतो ते उजेडात टिकत नाही. आता डोळ्यासमोरच्या फळीवर पावशेराच्या पुड्या, त्याही आठवड्याला बदलते, आणि साठा खाली डब्यात अंधारात. तिखटाचंही तसंच. विकायला उजेड लागतो, टिकवायला अंधार, आणि एकाच भिंतीवर दोन्ही हवं असेल तर कप्पे वेगवेगळ्या उंचीचे लागतातच.

बारीकसारीक तक्रारी: पट्टीच्या जाडीमुळे फळी भिंतीपासून बोटभर पुढे राहते, मागून पुड्या खाली पडतात, मी मागे पातळ पट्टी खिळवली. पावसाळ्यात खाचांच्या कडांना गंज धरला, लोणच्याच्या फळीजवळ सगळ्यात आधी. पण त्याच बोटभर फटीमुळे ऑगस्टमध्ये भिंतीवरून चढणारी उधईची मातीची नळी वेळीच दिसली. फळी भिंतीला चिकटून असती तर आतून पोखरल्यावरच कळलं असतं. सागाला काही झालं नाही.

आणि काळी माती. आमच्याकडे राहणाऱ्याला हे सांगायला नको, पावसात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, घर तिच्यावर श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. दार आषाढात अडकतं आणि वैशाखात सुटतं. मे महिन्यात उजव्या पट्टीशेजारी प्लास्टरला तिरपी भेग गेली, पावसात ती मिटली, पण फळ्या उजवीकडे किंचित उतरल्या. खाच सव्वा इंचाची, उतार दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा. एक खाच वर घेतली तर डावीकडे उतरणार. म्हणजे ह्या मांडणीत मोठं अंतर बदलता येतं, बारीक नाही. उजव्या ब्रॅकेटवर, फळीखाली सनमायकाचे तुकडे रचून ठेवले, मधल्यावर त्याच्या निम्मे. लिंबू ठेवून पाहिलं, थांबलं.

काल हात फिरवला तर उजव्या पट्टीचा वरून दुसरा स्क्रू हलतो आहे. मिस्त्रीभाऊंना निरोप धाडला आहे. संक्रांतीच्या वाणाचे दोनशे पुडे त्याच फळीवर चढायचे आहेत, त्याच्या आत आले म्हणजे झालं.