आधी जागा की आधी घोडे? दोघांनी मिळून ठरवताना

घरची जागा घोड्यांसाठी तयार करायची म्हटलं की दोघांमध्ये पहिला वाद होतो तो क्रमावरून. कुंपण, छप्पर, कुरण, पाणी सगळं पुरं करून मग घोडे आणायचे, की घोडे आणायचे आणि एकेक काम हातावेगळं करत जायचं? मी आणि माझा नवरा, आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. पहिल्या घरी आमच्या दोन घोड्या, थोरली आणि धाकटी, आल्या तेव्हा कुंपणाची एक बाजू नुसत्या दोराची होती. पुढे घर बदललं, तेव्हा त्याच दोघींना दहा महिने दुसऱ्यांच्या पागेत ठेवलं आणि इकडे जागा तयार केली. दोन्ही वेळा घोड्या त्याच आणि माणसंही तीच, त्यामुळे फरक चांगलाच कळला.

घोड्यांचं वेड मला आहे. नवऱ्याला घोडे आवडतात ते माझ्यामुळे. बऱ्याच घरांत असंच असतं, आणि हा निर्णय घेताना जमिनीच्या मापापेक्षा ही गोष्ट जास्त भारी पडते, असं माझं मत झालं आहे.

दिवसाचे तास

४५० ते ५०० किलोचा घोडा दिवसाला साधारण ८ ते १२ किलो वाळलेलं गवत खातो, २५ ते ४५ लिटर पाणी पितो आणि २० किलोच्या आसपास लीद टाकतो. दोन घोडे म्हणजे रोज ४० किलो लीद उचलणं आलं, पाऊस असो की ताप आलेला असो. शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल सतत बनत राहतं, पोटात काही असो वा नसो. तासन्‌तास उपाशी राहिला तर जठराला जखमा होतात. त्यामुळे सकाळी एकदा आणि रात्री एकदा गवत टाकून भागत नाही, पुढ्यात थोडं थोडं कायम लागतं.

घोडे आधी आणले तर हा सगळा गाडा पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि बांधकामाला उरलासुरला वेळ मिळतो. पहिल्या घरी रविवारी खांबांचे खड्डे घ्यायला आम्हाला अकरा वाजायचे, आणि चारला पहार ठेवून पुन्हा गवतपाण्याला लागायचं. मधल्या वेळात थोरली येऊन मोजपट्टी दातात धरायची. अंधार पडायच्या आत नवरा दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून ओढत फिरायचा आणि उरलेले खिळे डब्यात मोजायचा. सकाळी १२० काढले, ९४ ठोकले, म्हणजे २६ परत यायला हवेत. २५ भरले की आम्ही दोघं बॅटरी घेऊन गुडघ्यांवर. खुराच्या तळात खोलवर खिळा शिरला तर जंतू आतल्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात, आणि त्यात घोडा कायमचा अधू होऊ शकतो. एका खिळ्यासाठी अर्धा तास गेला तरी आम्हाला तो वाया गेला असं वाटत नसे.

जागा आधी केली तर रविवार अख्खा हातात असतो. हत्यारं जिथे ठेवली तिथेच सापडतात, खड्डा उघडा राहिला तरी रात्री झोप लागते. कामाचा वेग आणि कामाचा दर्जा, दोन्हींत हा मार्ग उजवा आहे, यात मला शंका नाही.

पण त्या दहा महिन्यांत आमच्या संध्याकाळी तुटल्या. मी कामावरून परस्पर पागेत जायची, दोघींना खरारा करून, पाय तपासून रात्री घरी यायची. तो कामावरून आला की इकडे एकटा घमेली भरायचा. मी घोड्यांच्या अंगाचा वास घेऊन घरी यायची आणि तो सिमेंटचा. एकदा जेवताना तो शांतपणे म्हणाला, "मी महिनाभरात एकदाही त्यांना पाहिलं नाहीये. मला फक्त खांब दिसतात." तक्रारीचा सूर नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं. पहिल्या घरी त्याची पाठ मोडेपर्यंत काम झालं होतं, पण पहार टेकवून उभा राहिला की धाकटी मागून येऊन त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवायची. कुणासाठी खणतोय हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

कुंपण

इथे मात्र दोन बाजू नाहीत. कुंपण पूर्ण झाल्याशिवाय घोडा आणू नका.

दोराच्या त्या बाजूनं थोरली एका रात्री बाहेर पडली. दोन वाजता खुरांचा आवाज उलट्या दिशेनं आला म्हणून मला जाग आली. नवरा खुराकाची बादली वाजवत पुढे आणि मी दावं घेऊन मागे, असे आम्ही तिला शोधत निघालो. ती रस्त्याच्या कडेला उभी होती. कुठल्या तरी जुन्या तारेत अडकून मागच्या पायाला जखम झाली होती. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच, कातडीखाली लगेच कंडरा आणि हाड. जखम भरायला सात आठवडे लागले, रोज दोन वेळा पट्टी. त्या सात आठवड्यांत एकही खांब उभा राहिला नाही.

उंची साडेचार ते पाच फूट धरा. काटेरी तार कुठल्याही परिस्थितीत नको. विजेची रुंद पट्टी, साधारण ४ सेंटीमीटरची, घोड्याला बारीक तारेपेक्षा चांगली दिसते आणि दोन माणसं ती लवकर ओढू शकतात. पण जमीन कोरडी पडली की अर्थिंग कच्चं होतं आणि झटका बसेनासा होतो, हे लक्षात ठेवून गज खोल ठोका. कोपरे काटकोनात न ठेवता गोलसर घेता आले तर उत्तम, दांडगा घोडा गरीब घोड्याला कोपऱ्यात कोंडतो. फाटक बारा फुटांचं ठेवा, गवताची गाडी आत यायला लागते. आणि कडी अशी घ्या की ओठांनी उघडता येणार नाही. आमची धाकटी साधी कडी दोन दिवसांत शिकली.

चिखल आणि चालायच्या वाटा

कुंपणाच्या नेमकं उलट. पाण्याचं टाकं कुठे, खडी कुठे टाकायची, छपराचं तोंड कोणत्या बाजूला, हे दुसऱ्या घरी आम्ही कागदावर ठरवलं. वरची माती काढली, खडी मातीत रुतू नये म्हणून जाड कापड अंथरलं, वर खडीचा थर दिला. तीन रविवार गेले. घोड्या आल्या आणि त्या वाटेनं त्या फिरकल्याच नाहीत. त्यांनी शेजारून स्वतःची वाट पाडली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला दुसराच कोपरा निवडला. तीन दिवस पाऊस लागला तेव्हा तो कोपरा घोट्यापर्यंत चिखल, आणि आमची खडी कोरडी ठणठणीत.

पहिल्या घरी त्या कुठे उभ्या राहतात, कुठे लोळतात, फाटकापाशी किती वेळ घोटाळतात, हे रोज डोळ्यांसमोर होतं. खडी थोडीच टाकली, पण योग्य जागी पडली. सतत ओल्यात उभं राहिलं की खूर मऊ पडून सडतात, खुरांच्या वरच्या कातडीला खपल्या धरतात, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नका. फाटक, टाकं आणि छपरासमोरची जागा, चिखल बहुधा या तीन ठिकाणी होतो. तेवढं आधी करा. बाकीच्या वाटा घोड्यांना दाखवू द्या.

तबेला

बंदिस्त तबेला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि माझ्या मते सगळ्यात कमी घाईचा. दोन घोड्यांना तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडं छप्पर सुरुवातीला पुरतं. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, म्हणून जमीन कोरडी हवी आणि जागा ऐसपैस. आजारी जनावराला वेगळं ठेवायला बारा बाय बारा फुटांचा एक कप्पा असला की निभावतं. हवा खेळती ठेवा. मुताचा उग्र वास माणसाच्या नाकाला झोंबतो, तिथे घोड्याच्या फुप्फुसांचं काय होत असेल!

गवताचा साठा मात्र छपराला लागून ठेवू नका. नीट न वाळलेल्या गासड्या आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात.

कुरण

इथे थांबणारे जिंकतात. नवं पेरलेलं गवत मूठभर धरून ओढून पाहा. मुळासकट हातात आलं, तर घोडा तेच करणार. गवत १५ ते २० सेंटीमीटर वाढलं की आत सोडायचं, ७ ते ८ सेंटीमीटरवर आलं की बाहेर काढायचं. घोडे आधीच जागेवर असतील तर एक तुकडा त्यांच्यासाठी उघडा-बोडका सोडून द्यावा लागतो, आणि दोघांपैकी एकाला तरी "अजून सोडायचं नाही" हे निक्षून सांगत राहावं लागतं. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं होतं, मला त्यांच्या डोळ्यांत पाहून राहवत नसे. कोवळ्या, रसरशीत गवतावर एकदम सोडलं तर खुरांच्या आत सूज येते, त्या दुखण्यात काही घोडे परत उभेही राहत नाहीत. पहिले काही दिवस अर्धा तास, मग हळूहळू वाढवत न्या.

जागा रिकामी असतानाच दोघांनी मिळून कुंपणाच्या कडेनं पायी फिरा आणि झाडं ओळखा. घोड्याला उलटी होत नाही, गिळलेलं परत येत नाही. आमच्या घराच्या मागच्या भिंतीलगत कण्हेर होती, फुलांनी लहडलेली. तिची थोडी पानंही घोड्याचा जीव घेऊ शकतात, आणि वाळलेल्या पानांतलं विषही जात नाही. नवऱ्यानं ती मुळासकट काढली आणि पानं एकेक वेचली. घोड्या घरी असत्या तर इतक्या निवांतपणे ते झालं नसतं.

पैसा

आधी जागा केली तर पागेचं भाडं आणि बांधकाम दोन्ही एकदम चालू राहतात, आणि काम लांबलं की भाडंही लांबतं. आधी घोडे आणले तर भाडं वाचतं, पण वस्तू दोनदा घेतल्या जातात, एकदा घाईत आणि एकदा नीट. आमचा हिशेब जवळजवळ सारखाच आला.

दोघांनाही यायला हवं ते

दहा महिन्यांनी घोड्या नव्या जागी आल्या तेव्हा नवऱ्याला प्रत्येक खांबाची खोली पाठ होती, पण म्होरकी घालताना हात अडखळत होता. पहिल्या घरी जे रोजच्या रोज करून अंगवळणी पडलं होतं, ते विस्मरणात गेलं होतं. म्हणून सकाळ त्याची आणि संध्याकाळ माझी, असं आम्ही लगेच वाटून घेतलं. "तुला आज उशीर होईल, मी बघतो" असं त्यानं आपणहून म्हणायला दोन महिने लागले.

त्याच सुमाराला एका दुपारी मी बाहेरगावी होते. त्याचा फोन आला. "धाकटीची लीद कमी आहे. रोज दोघींची मिळून दोन हातगाड्या भरतात, आज दीड पण नाही. आणि ती सारखी पोटाकडे वळून बघतेय." मी काहीच न विचारता त्यानं जनावरांच्या डॉक्टरांना आधीच बोलावलं होतं, समोरचा खुराक काढून घेतला होता आणि तो तिला हळूहळू चालवत होता. पोटशूळात पहिले तास फार मोलाचे असतात. संध्याकाळपर्यंत ती मोकळी झाली. मला घोड्यांचं कितीही कळत असलं, तरी दाताळं घेऊन रोज सकाळी लीद उचलणारा तो होता, म्हणून फरक त्याच्या लक्षात आला.

मी काय करेन

पुन्हा वेळ आली तर पाच गोष्टी पुऱ्या करेन: कुंपण, पाणी, एक छप्पर त्याखालच्या कोरड्या जमिनीसह, गवताचा कोरडा साठा आणि लीद टाकायची जागा. विषारी झाडं त्याआधीच काढलेली असतील. दोघं मिळून लागलो तर हे दोन-तीन महिन्यांत होतं, आणि तेवढाच काळ घोड्यांना दुसरीकडे ठेवेन. तेव्हाही आठवड्यातून दोनदा त्याला बरोबर नेईन, मग तेवढं खणायचं राहिलं तरी चालेल. कुरण, तबेला, सामानाची खोली हे सगळं घोडे आल्यावर.

दोघांपैकी एकजण कामासाठी आठवडेच्या आठवडे बाहेर राहत असेल, तर मात्र सगळं आधी उरका. अर्धवट जागा आणि दोन घोडे एकट्या माणसावर टाकणं बरोबर नाही. आणि दोघांनाही सारखंच वेड असेल, रोज दोघंही तबेल्यात जाणार असाल, तर लांबचा काळ पागेत काढायलाही हरकत नाही, तुमच्या संध्याकाळी तुटणार नाहीत.

आमच्या सामानाच्या खोलीचा पाया अजून घातलेला नाही. खोगिरं सध्या घराच्या मागच्या खोलीत आहेत. दार फाटकाकडे असावं असं त्याला वाटतं, मला सावलीकडे. घोड्या तिथून कशा जातात-येतात ते आणखी काही महिने बघायचं ठरलं आहे. तोवर त्यानं चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सुतळी बांधून ठेवली आहे, आणि थोरली रोज सकाळी त्यातली एक खुंटी उपटते.