डीव्हीडीच्या जागी दुसरी हार्ड डिस्क : आठ महिने वापरल्यावर

लॅपटॉपची डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (त्याच मापाच्या रिकाम्या खोक्यात) घालून दुसरी हार्ड डिस्क बसवावी का, हे मला ऑफिसात आतापर्यंत तिघांनी विचारलंय आणि दरवेळी मी टपरीवर चहा संपेपर्यंत अर्धवट काहीतरी सांगतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बसवा. पण मी बसवली तशी नको.

लॅपटॉप माझा २०१४ चा, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, १५.६ इंची धूड. विंडोज ११ याला दारातच अडवतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे कागदोपत्री तो रिटायरच. पण कीबोर्ड अजून मस्त चालतो आणि नोकरी सांभाळून मी जे बारशी, मुंजी, गणपतीचे आगमन-विसर्जन असे फोटो काढतो त्याला तो पुरतो. अडचण एकच होती, जागा. म्हणून ठरवलं की मेन बेमध्ये, म्हणजे मूळ हार्ड डिस्कच्या जागी, एसएसडी (आत काही न फिरणारी वेगवान डिस्क) टाकून त्यावर विंडोज, आणि फोटोंसाठी १ टीबीची अडीच इंची हार्ड डिस्क डीव्हीडीच्या खाचेत. घरात डीव्हीडी कोण लावतंय आता (आई लावते, ते शेवटी सांगतो).

२०२५ च्या २४ मेला, शनिवारी, दादरला बदलून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो. कॉम्प्युटरच्या सामानाचा लॅमिंग्टन रोड म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन विचारलंत तर समोरचा दोन सेकंद विचारात पडेल. तारीख लक्षात आहे कारण दोनच दिवसांनी, सोमवारी मान्सून मुंबईत आला, इतका लवकर गेल्या पंच्याहत्तर वर्षांत कधी आला नव्हता, आणि मी सामान कोरडं घरी आणलं म्हणून स्वतःवर खूश होतो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "साडेनऊ का बारा-सात?" मी गप्प. म्हणाला, लॅपटॉप द्या. उलटा केला, मधला एकच स्क्रू काढला, नखाने डीव्हीडी ड्राइव्ह अर्धी बाहेर ओढली, मोजपट्टी वगैरे काही नाही, नुसतं बघून म्हणाला, "बारा-सात, साहेब." म्हणजे १२.७ मिलिमीटर जाडीची. पातळ लॅपटॉपात ९.५ ची असते. चुकीची घेतली तर एक तर आत जात नाही किंवा आत जाऊन खुळखुळते, तेव्हा घरून निघण्याआधी मोजून जा.

कॅडीत तसं काही डोकं नसतं. डीव्हीडी ड्राइव्हच्या साटा (डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत) प्लगला डेटाच्या ७ पिना नेहमीसारख्याच असतात पण पॉवरच्या ६, आणि हार्ड डिस्कला पॉवरच्या १५ लागतात. कॅडी हे एकाचं दुसऱ्याला जोडून देते, बस. तिथे फक्त ५ व्होल्ट येतात, अडीच इंची डिस्कला तेवढे पुरतात. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे तो विचारही करू नका.

एसएसडी कॅडीत आणि जुनी डिस्क आहे तिथेच ठेवायची असं काही जण करतात, कारण उघडाउघडी कमी. माझ्या लॅपटॉपात तरी तो तोटा आहे. डीव्हीडीचा पोर्ट ३ जीबीपीएसचा (सेकंदाला ३ गिगाबिट) निघाला, मेन बेचा ६ चा. ६ वर साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, ३ वर पावणेतीनशेच्या वर जात नाही. फिरणाऱ्या डिस्कला ३ सुद्धा जास्तच होतात, तिचा वेग शंभर-सव्वाशेच्या घरात. तेव्हा एसएसडी आत, डिस्क कॅडीत.

पहिला दीड महिना स्वर्ग. विंडोज भराभर उघडायचं, डी ड्राइव्हला ९३१ जीबी दिसायचे (१ टीबी कुठे गेलं म्हणून बायकोने विचारलं, तिला हजार आणि १०२४ चा हिशेब सांगायला घेतला तर ती भांडी लावायला निघून गेली). मग जुलैत कधीतरी डी ड्राइव्ह गायब. रिस्टार्ट केलं, आला. दोन दिवसांनी पुन्हा गायब, यावेळी रिस्टार्टला नाही आला, पूर्ण बंद करून सुरू केल्यावर आला. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका संध्याकाळी तीनदा.

आणि इथे मी दोन महिने वाया घालवले. आपल्याला काय, संगणक बिघडला की सेटिंगमध्ये शिरायची सवय. पॉवर प्लॅनमध्ये जाऊन हार्ड डिस्क बंद करायची वेळ शून्य केली (म्हणजे कधीच बंद करू नको), फास्ट स्टार्टअप बंद केलं, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर काढून विंडोजचा टाकला, मग तो काढून पुन्हा इंटेलचा. प्रत्येक उपायानंतर दोन-चार दिवस बरं चालायचं आणि मला वाटायचं जमलं. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला तर तिथे १२९ आणि १५३ नंबरच्या एंट्र्यांची माळ लागलेली. १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून विंडोजने तिकडचा पोर्ट रिसेट केला, १५३ म्हणजे वाचायचं-लिहायचं काम पुन्हा करून बघावं लागलं. हे वाचूनही डोक्यात प्रकाश पडला नाही, मी त्याचा अर्थ "डिस्क मरतेय" असा लावला.

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. रात्रभर लालबागला होतो, पहाटे करी रोडहून गाडी पकडून भांडुपला घरी, गुलालाने कान भरलेले, ६४ जीबीचं कार्ड काठोकाठ. आंघोळीला जायच्या आधी कॉपी लावून ठेवली. बाहेर आलो तर साठेक टक्क्यांवर एरर आणि डी नाही. मग मी चिडून लॅपटॉप उजव्या कोपऱ्याला धरून उचलून डायनिंग टेबलावरून पलंगावर आणला, डिस्क मॅनेजमेंट उघडलं, आणि समोर ती चौकट आली की ही डिस्क वापरण्याआधी इनिशियलाइज (नव्याने तयार) करावी लागेल, एमबीआर का जीपीटी (डिस्कचा तक्ता लिहायच्या दोन पद्धती), ओके का कॅन्सल. झोप नाही, डोकं बधिर, माउस ओकेवर. त्या डिस्कवर तीन वर्षांचे फोटो होते आणि त्यातल्या शेवटच्या चार महिन्यांची दुसरी कॉपी नव्हती.

कॅन्सल केलं ते शहाणपणाने नाही, माझ्या मावसभावाचा त्याच वेळी फोन आला म्हणून. तो सर्व्हरची कामं करतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "दादा, हात काढ आधी माउसवरून." त्याचं म्हणणं असं की डिस्कशी नीट बोलणं होत नसलं की विंडोजला पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत तो तक्ता, वाचता येत नाही, मग त्याला ती डिस्क कोरी वाटते आणि तो नवीन टेबल लिहायला परवानगी मागतो. ओके केलं असतं तर फोटो लगेच पुसले गेले नसते, पण ते कुठे ठेवलेत याची वही फाटली असती आणि मग रिकव्हरीवाल्यांच्या पायऱ्या चढायच्या.

संध्याकाळी तो पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम) घेऊन आला. कारण सरळ आहे, विंडोज बाजूला ठेवून दुसऱ्या सिस्टिमवर सुरू केलं आणि तिथेही डिस्क गायब झाली तर मग सेटिंग, ड्रायव्हर, सगळे निर्दोष. आणि झालीच. टर्मिनलमध्ये एकामागून एक ओळी, हार्ड रिसेटिंग लिंक, हार्ड रिसेटिंग लिंक, आणि मग लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५ जीबीपीएस. म्हणजे बिचारा म्हणतोय की ऐकू येत नाहीये, जरा हळू बोला. मग भावाने लॅपटॉपचा उजवा कोपरा हलकेच दाबला. नवी ओळ. सोडला. आणखी एक ओळ. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

नंतर विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. वर निळ्या चौकटीत "गुड". ही चौकट फसवते, कारण ती मुख्यतः ०५, सी५ आणि सी६ बघते, म्हणजे बदललेले सेक्टर, संशयित सेक्टर आणि वाचताच न येणारे. हे तिन्ही माझ्याकडे शून्य, म्हणजे डिस्कच्या तबकड्या ठणठणीत. खरी गोष्ट खाली सी७ ला होती, अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर, डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेत किती वेळा डेटा खराब झाला त्याचा आकडा. तिथे ७४९ दिसलं. मी म्हटलं साडेसातशे, ठीक आहे. भाऊ हसला. ते सॉफ्टवेअर रॉ व्हॅल्यू मुळात हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या हिशेबात) दाखवतं, मेनूतून दशमानात बदलली तर १,८६५ झाले. ०५ किंवा सी५ वाढत असेल तर डिस्कची काळजी करा आणि आधी फोटो हलवा. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, जोड तपासा. एवढं जुलैत कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

उघडली कॅडी. दोन घोळ, दोन्ही माझे. एक म्हणजे डिस्क ७ मिलिमीटर जाडीची आणि कॅडीतली जागा ९.५ च्या डिस्कसाठी, मधे अडीच मिलिमीटर हवा. यासाठी कॅडीबरोबर एक स्पंजची पट्टी येते, ती मी पॅकिंगचा भाग समजून खोक्याबरोबर टाकून दिली होती. त्यामुळे डिस्क कनेक्टरच्या टोकावर झोपाळ्यासारखी झुलत होती. दुसरं, जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे एल आकाराचा एवढूसा पत्रा असतो, दोन बारीक स्क्रूंनी लावलेला. लॅपटॉपच्या खालचा तो मधला स्क्रू याच पत्र्यात बसतो. तो पत्रा काढून कॅडीला लावायचा असतो. मी लावलाच नव्हता, स्क्रू नुसता हवेत फिरवून घट्ट झाला असं मानलं होतं. कॅडी फक्त घर्षणावर उभी. लॅपटॉप एका हाताने उजवीकडून उचलला की लॅपटॉपचा तळ लवतो, कॅडी केसभर बाहेर येते, खेळ खलास. आता आठवलं तर डिस्क गायब व्हायची ती बहुतेक वेळा मी खोली बदलल्यावरच.

आईच्या कपाटातल्या डीव्हीडी ड्राइव्हवरून पत्रा काढून लावला, तिच्याच शिवणाच्या डब्यातला शोल्डर पॅडचा स्पंज कापून डिस्कखाली घातला. स्पंज फार जाड घालू नका, डिस्क वर दाबली जाऊन कनेक्टरवर उलट ताण येतो. मी पहिल्यांदा तेही केलं.

तेव्हापासून आज जानेवारी संपत आला, डिस्क एकदाही गेलेली नाही. सी७ चा आकडा कधी कमी होत नाही, तो १,८६५ वर थांबलाय, आणि मी महिन्यातून एकदा बघतो.

बाकी कटकटी आहेत त्या अशा. मेन बेमध्ये डिस्कभोवती रबर असतं, कॅडीत नसतं, त्यामुळे रात्री शांत असताना तळहाताला बारीक थरथर लागते. काहींना चालणार नाही, मला पंख्याच्या आवाजात कळत नाही. पॉवर प्लॅन मी पुन्हा २० मिनिटांवर आणला, त्यामुळे बऱ्याच वेळाने डी उघडला की डिस्क फिरायला लागेपर्यंत चार-पाच सेकंद विंडो गोठते, तो बिघाड नाही, घाबरू नका. मोठी कॉपी लावली की सुरुवातीला शंभरच्या वेगाने जाते आणि मग वीस-तीसवर येते. आजकालच्या बऱ्याच पातळ १ टीबी डिस्का एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले, त्यांचं असंच असतं. फोटो साठवायला ठीक, एडिटिंग मी एसएसडीवरच करतो. आणि गाडीत चढताना स्लीपवर ठेवून बॅगेत टाकायचं बंद केलं, पूर्ण शटडाउन. सकाळच्या गर्दीत बॅग ज्या पद्धतीने डब्यात शिरते ते बघितलं तर तिच्यात फिरती डिस्क नसलेलीच बरी.

फोटोंची दुसरी कॉपी आता डोंबिवलीला भावाकडे असते.

डीव्हीडी ड्राइव्हसाठी यूएसबीचं एक केस मिळतं, ते नंतर घेतलं. घेताना त्याचीही जाडी विचारा, तिथेही साडेनऊ आणि बारा-सात आहे. आईकडे नात्यातल्या लग्नांच्या सीड्या आहेत, दुपारी ती आणि शेजारच्या काकू लावून बसतात आणि कोण बारीक होतं, कोण आता नाही, हे चालतं. पत्रा काढल्यामुळे ड्राइव्ह त्या केसमध्ये थोडी हलते. आईने बाजूने रबरबँड लावलाय, तिची एकदाही गायब झालेली नाही.