घर माझं, दार माझं, कुलपाचा मालक तिसराच

डिजिटल लॉकच्या नादात एकूण २७,३६० रुपये गेले आणि दाराला आज परत तेच किल्लीचं साधं लॅच आहे. नागपुरात मनीषनगर, बेसा, घोगली साइडला नवीन स्कीममध्ये राहायला गेलं की सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ना कोणी डिजिटल लॉकवाला टपकतोच, म्हणून लिहून राहिली आहे.

आमची गरज खरी होती. मिस्टरांची बुटीबोरीला शिफ्ट ड्युटी, माझं ऑफिस सदरला, पोरगा ट्यूशनहून कधीही येतो आणि सासूबाई किल्ली आत ठेवून दार ओढून घेतात. कीपॅडवालं लॉक म्हणजे ज्याचा त्याचा नंबर, किल्लीची कटकटच नाही. पोस्टरवर एमआरपी ३२,९९९, सोसायटीवाल्यांसाठी फिटिंगसकट १७,५००. ५,००० यूपीआयने ॲडव्हान्स, १२,५०० फिटिंग झाल्यावर कॅश. बिल मागितलं तर म्हणे ताई, पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील, म्हणजे अजून ३,१५०. कोण देतं हो? वॉरंटी कार्डावर त्याने पेनाने २ वर्षं लिहून शिक्का मारून दिला होता.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. लॉक बसलं, ॲप टाकायची वेळ आली तर म्हणतो तुमच्या फोनचं ब्लूटूथ पकडून नाही राहिलं, माझ्या आयडीवरून चालू करतो, मग तुम्हाला ट्रान्सफर मारतो. मास्टर कोड टाकताना हा पाठ माझ्याकडे करून उभा, का तर म्हणे सेन्सरवर उजेड पडतो. आणि माझ्या फोनवर ॲप उघडलं तर माझ्या नावापुढे 'मेंबर', त्याच्या नावापुढे 'ओनर'. मी पाहिलं! विचारलंही! तर म्हणे ती फॉर्मॅलिटी आहे, सिंक झालं की तुमचं नाव वर जाते. समोर सासूबाई त्याला चहा देऊन राहिल्या, नवीन सागवानी दाराचा भुसा हॉलभर पडलेला, बाई उद्यापासून सुट्टीवर, अशा वेळी कोण भांडत बसतं? मी बँकेचे व्यवहार स्वतः करते, ओटीपी आजवर कुणाला सांगितला नाही, पण कुलपाचं ओनर-मेंबर आपल्याकडे कोणी कुणाला शिकवलंय? गाडी विकली पण आरसी त्याच्याच नावावर ठेवली, असा हा प्रकार.

उन्हाळ्यात लॉक बीप मारायला लागलं. आत याने रिमोटमध्ये टाकतात ते स्वस्तातले सेल टाकले होते. (अल्कलाइनच टाका, चार्जिंगचे पण नको, त्यांचं व्होल्टेज कमी असल्याने लॉक आधीपासूनच लो बॅटरी दाखवतं.) फोन केला तर सर्व्हरचा वार्षिक चार्ज २,३६०, म्हणजे २,००० आणि वर जीएसटी. बिल नाही पण जीएसटी आहे, वा रे वा! दिले. मग 'मदरबोर्ड'चे ३,५००. तेही दिले, कारण रात्री दार उघडत नसताना तुम्हीही दिले असते.

मग एक दिवस ॲपमध्ये 'गेस्ट ३' नावाचा नवीन पासवर्ड दिसला. घरात कुणीच बनवलेला नाही. डिलीट करायला गेले तर फक्त ओनर करू शकतो. मागच्या पॅनलचं रिसेट बटण पिनने दाबलं, परत जोडायला घेतलं तर ॲप म्हणते डिव्हाइस दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे, त्यांना काढायला सांगा. डब्यात इमर्जन्सीची किल्लीही एकच होती, दुसरी कुठे आहे ते त्यालाच माहीत. त्या रात्री आम्ही दाराला सोफा लावून झोपलो. दुसऱ्या दिवशी इतवारीच्या कुलूपवाल्याने १,२०० घेऊन ते उपटलं, दारातली खाच बुजवायला सुताराने २,८००. आणि हेच लॉक, हाच डबा, ऑनलाइन ५,७९९ ला.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात साहेब म्हणतात मॅडम, चोरी झाली का? नाही ना, मग हा सिव्हिल मॅटर आहे. म्हणजे चोरी झाल्यावर या! एका हेल्पलाइनवर म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवले, मग यात ऑनलाइन फसवणूक कुठे. दुसरीकडे कंपनीचं नाव-पत्ता द्या, आणि डब्यावर कस्टमर केअर म्हणून याच माणसाचा मोबाइल नंबर. एक टेबल दुसऱ्याकडे, दुसरं परत पहिल्याकडे, जेवायची सुट्टी, साहेब मीटिंगमध्ये, अर्जावर पोच मागितली तर असं पाहतात जसं काही मीच कुलूप फोडलं. सोसायटीचे सेक्रेटरी वेगळेच, ग्रुपवरच्या जाहिरातीला सोसायटी जबाबदार नाही म्हणे. त्यांच्या दाराला त्याचंच लॉक आहे, १४,५०० ला. घ्या!

वकिलाकडून एक कामाचं कळलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. यूपीआयचा स्क्रीनशॉट, वॉट्सॲप चॅट, शिक्क्याचं कार्ड, काहीच डिलीट करू नका. मी पण तक्रार टाकून राहिली आहे. बिल न घेतल्याने मात्र १२,५०० कॅशचा पुरावा काहीच नाही.

घ्यायचंच असेल तर ॲप पहिल्यांदा तुमच्याच फोनवर, तुमच्याच नंबरवरून चालू करा, फिटर दारात उभा असला तरी. फॅक्टरीचा मास्टर कोड बहुतेक १२३४५६ असतो, तो त्याच्या देखत बदलू नका, तो गेल्यावर बदला. किल्ल्यांचं पाकीट सील असेल तरच पैसे. सेल पूर्ण संपले तर बाहेरून टाइप-सीने किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीने करंट देता येतो का ते विचारा, आणि दार पश्चिमेला असेल तर मे महिन्यात पॅनलला हात लावून बघा एकदा. आपल्या नंबरच्या आगेमागे उगाच चार आकडे दाबता येतात का तेही बघा, नाहीतर बोटांच्या डागांवरून कोड कळतो.

आणि ज्यांनी अशा ग्रुपवाल्याकडून आधीच बसवून घेतलंय, त्यांनी ॲप उघडून मेंबरची यादी आत्ता बघा. तुमच्या नावापुढे ओनर नसेल तर त्याला फोन करू नका, तो चार्ज सांगेल. आधी कुलूपवाल्याला बोलवा.