जुनी टीप पुन्हा उघडताना: ओपनस्ट्रीटमॅप, चोर्ला घाटातल्या टेम्पोवाल्याच्या नजरेतून

बेळगावहून गोव्याला भाजी नेणारा माझा टेम्पो आहे. रस्ता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी असा. घाटात मोबाईलला रेंज धड मिळत नाही, म्हणून ऑर्गॅनिक मॅप्स नावाचं ॲप वापरतो. नकाशा घरीच उतरवून घ्यायचा, पुढं नेट लागत नाही. त्यातला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून जगभरच्या लोकांनी आपापल्या भागात फिरून भरलेला.

नकाशा चांगलाच आहे. पण मला सांगायचंय ते त्यातल्या टिपांबद्दल, त्यातही बंद झालेल्या जुन्या टिपांबद्दल. ही सोय २०१३ पासून आहे. खातं नसलं तरी कुणीही नकाशावर बोट ठेवून 'इथं पूल नाही' असं लिहू शकतो. जाणकार दुरुस्ती करतो, टीप बंद करतो. सात दिवसांनी ती नकाशावरून दिसेनाशी होते, पण पुसली जात नाही. खातं असलेला माणूस ती कितीही वर्षांनी पुन्हा उघडू शकतो, आणि तिथं आधी लिहिलेल्या खातेदारांना लगेच मेल जातो. जुनी टीप उघडणं म्हणजे इतक्या जणांची कडी वाजवणं. कडी वाजवली तर हातात काहीतरी पाहिजे की!

जांबोटीच्या आतल्या एका रस्त्यावर फरशी पूल आहे. त्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, 'पावसात पाण्याखाली जातो.' दुसऱ्यानं विचारलं होतं, दरवर्षी की मोठ्या पुरातच? उत्तर आलं नाही, टीप बंद झाली. मी आषाढात तिथं अडकलो. गावातल्या मामांना विचारलं तर म्हणाले, "जोराचा पाऊस झाला की वर्षाला दोन-तीनदा जातोय बघा." मी नवी टीप टाकली नाही, तीच उघडली. तारीख लिहिली, पाणी कुठवर होतं ते लिहिलं, मामांचं म्हणणं लिहिलं. नकाशात पुलावर पूर येत असल्याची खूण पडली. प्रश्न विचारणारा मूळचा पुण्याचा, बाईकवरून आला होता म्हणे, त्यानं एवढ्या वर्षांनी आभार मानले. नवी टीप टाकली असती तर त्याला कळलंच नसतं.

याच्या उलटंही पाहिलंय. गावाच्या नावावरून झालेली, मिटलेली चर्चा एकानं उघडली आणि एवढंच लिहिलं, 'चूक आहे, दुरुस्त करा.' नवा पुरावा नाही, पाटीचा उल्लेख नाही. मग मराठी-कन्नड सुरू झालं, मेलवर मेल. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्याचं आम्हाला काय वाटतं हे मी इथं सांगायला नको. पण या नकाशात मराठी नावाचा रकाना वेगळा आहे, कन्नडचा वेगळा. माझ्या गावाचं नाव मराठीत नीट भरायला कुणाची परवानगी लागत नाही. ते काम सोडून जुनं भांडण उकरणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, कारण सीमाभागातली निम्मी गावं अजून मराठी नावाशिवाय पडलेली दिसतात.

त्याच जागेवर नवीनच गोष्ट घडली असेल, समजा पूलच पाडून उंच बांधला, तर मात्र नवी टीप टाकावी आणि तिच्यात जुनीचा क्रमांक द्यावा.

कमतरता आहेत. टिपेत एकदा लिहिलेलं स्वतःला दुरुस्त करता येत नाही, म्हणून पाठवण्याआधी दोनदा वाचा. संकेतस्थळावर टिपांचा थर (लेयर) वेगळा चालू करावा लागतो आणि बंद टिपा आठवड्यात गायब होतात, त्यामुळं एकाच खड्ड्यावर चौघे चार टिपा टाकतात. बंद टिपाही नकाशावर पाहायची सोपी सोय हवी. ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांचा चर्चेचा मंच डिस्कोर्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. त्यात फार जुन्या विषयाला उत्तर द्यायला गेलं की 'शेवटचं उत्तर इतक्या काळापूर्वीचं आहे' अशी सूचना येते. टिपांनाही तशी सूचना जोडली तर फार बरं होईल.

घाटात फिरणाऱ्या प्रत्येकानं हे वापरावं असं माझं मत. टीप मराठीत लिहिली तरी चालते. मी खाली एक ओळ कन्नडमध्ये आणि एक इंग्रजीत घालतो, कारण दुरुस्ती करणारा हुबळीचा असेल की जर्मनीचा, सांगता येत नाही.