बायजेमिनी की कपलेट: कोणती पट्टी घेऊन लगेच धावायचं?

पंचवटीतल्या दवाखान्यात ईसीजी काढून झाला की लोक पट्टी उजेडाकडे धरून विचारतात, "ठोके चुकतायत ना?" चुकत नसतात, एखादा वेळेआधी पडतो. असे जादा ठोके कसे पडतात त्यावरून 'या आठवड्यात दाखवू' की 'आजच निघा' हे ठरवायचं. हे हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या, म्हणजे पट्टीवर ३ बारीक चौकोन किंवा जास्त रुंद दिसणाऱ्या ठोक्यांबद्दल. वरच्या कप्प्यातले बहुधा अरुंद असतात.

एक साधा, एक जादा, पुन्हा एक साधा, एक जादा: बायजेमिनी. दोन साध्यांनंतर जादा आला तर ट्रायजेमिनी. दिसायला भयंकर. निफाडहून आलेल्या एका काकांच्या बोटावरचं ऑक्सिमीटर नाडी ३९ दाखवत होतं, मुलगा पार गळाठलेला. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ७८! जादा ठोका घाईने पडतो, तोवर हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो मनगटापर्यंत पोचतच नाही. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला असेल तर बायजेमिनी सहसा जिवावर बेतत नाही. पण दिवसभर चालू राहिली तर हिशेब वेगळा. दिवसाला साधारण १ लाख ठोके. त्यांत जादा १०-१५ टक्क्यांवर गेले तर काहींचं पंपिंग कमी होऊ लागतं. हे १० सेकंदांच्या पट्टीत कळायचं नाही, २४ तासांचा होल्टरच (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) लावावा लागतो.

कपलेट म्हणजे लागोपाठ दोन जादा. अख्ख्या पट्टीत एखादीच जोडी, सहज नजरेतून सुटते. माझा डोळा मात्र आधी तिलाच शोधतो. जोडीला तिसरा चिकटला आणि वेग मिनिटाला १०० च्या वर असला की ती व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, खालच्या कप्प्याची वेगवान धाव), मग ३० सेकंदांच्या आत आपोआप थांबली तरी. आधी अटॅक येऊन गेलाय किंवा पंपिंग कमी आहे, अशा माणसाने त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञ गाठावा. चक्कर येऊन पडला, छातीत दुखतंय, तर पट्टी वाचत बसू नका, १०८ लावा.

"गोळी देऊन ठोके दाबून टाका," असंही सुचवतात. अटॅकनंतरच्या रुग्णांवरच्या कास्ट (CAST) नावाच्या औषध-चाचणीत १९८९ साली दिसलं ते उलटंच: गोळ्यांनी ठोके दबले आणि मृत्यू वाढले.

काकांचं पोटॅशियम २.९ निघालं, म्हणजे कमी, आणि ते कमी पडलं की जादा ठोके वाढतात. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तिच्यातून ते निघून जात होतं. डॉक्टरांनी ती बदलली, पोटॅशियम भरून काढलं, आणि पुढच्या खेपेला ऑक्सिमीटरवर ७४ दिसल्यावर मुलाने आधी त्याचा फोटो काढला.